बॉटम स्किन बंद करण्याआधी पंखातली वायरिंग: जिथे हात पोचतो तिथेच जॉइंट

तुझा प्रश्न थोडक्यात असा की आरव्ही-सेव्हनचे (किटमधून घरी बांधायच्या विमानाचे) दोन्ही पंख गॅरेजमध्ये स्टँडवर उभे आहेत, टॉप स्किन रिव्हेट होऊन झाल्या, बॉटम स्किन (पंखाचे खालचे पत्रे) अजून उघड्या आहेत, शनिवारी मित्र बकिंग बार (रिव्हेट ठोकताना मागून धरायचा ठोकळा) धरायला येतोय, आणि आत नेमकं काय काय टाकून ठेवायचं हे कळत नाहीये कारण पॅनेलमध्ये कुठली उपकरणं घ्यायची तेच अजून ठरलेलं नाही. शिवाय विचारलंयस की ग्राउंड, म्हणजे करंट परत यायचा रस्ता, पंखातच द्यायचा की वायरने परत आणायचा, आणि पंखाच्या मुळाशी कनेक्टर लावायचा की नाही.

पहिलं उत्तर म्हणजे शनिवारचं रिव्हेटिंग पुढे ढकल. मित्राला बोलव, पण कंड्युइट (वायरींसाठीचा पाईप) ओवायला बोलव.

तू मला काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय. मी इलिनॉयच्या उत्तरेला राहतो, एक आरव्ही-सिक्स आणि नंतर एक आरव्ही-सेव्हन स्वतः बांधलं, आणि आता बरीच वर्षं ई.ए.ए.चा (हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचा) टेक्निकल काउन्सेलर म्हणून आसपासच्या लोकांच्या गॅरेजमध्ये जाऊन त्यांचे अर्धवट पंख बघतो. पंखाच्या वायरिंगमध्ये ज्या चुका मी बघतो त्यातल्या बहुतेक मी स्वतः पहिल्या विमानात करून बसलोय, त्यामुळे जे सांगतोय ते कळकळीने सांगतोय.

माझ्या पहिल्या विमानात उजव्या टोकाच्या हिरव्या लाइटची वायर दीड फूट कमी पडली. रात्रीचे अकरा वाजले होते, दुसऱ्या दिवशी बॉटम स्किन मारायची होती, म्हणून मी दोन रिबच्या (पंखातल्या फासळ्यांच्या) मधल्या खणात एक बट स्प्लाइस (दोन वायरी टोकाला टोक जोडणारी नळी) लावला, ऑटो पार्ट्सच्या दुकानातल्या साध्या क्रिंपरने दाबला, वायर प्रत्येक रिबला झिप टायने घट्ट बांधली आणि झोपलो. तिसऱ्या हिवाळ्यात तो लाइट लुकलुकायला लागला. थंडीत बंद, हँगर गरम झालं की चालू. मल्टीमीटरने शोधत शोधत त्या जॉइंटपर्यंत आलो, पण हात काही तिथे पोचेना, कारण एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाच्या) बेलक्रँकचं, म्हणजे तो हलवणाऱ्या सांध्याचं, इन्स्पेक्शन कव्हर दोन रिब अलीकडे आणि रिबच्या लाइटनिंग होलमधून, म्हणजे वजन कमी करायला ठेवलेल्या भोकातून, कोपरापर्यंत हात घातला तरी बोटं सहा इंच कमी पडायची. वायर ओढून काढावी तर ती सगळीकडे बांधलेली. शेवटी बॉटम स्किनचे एका खणापुरते रिव्हेट ड्रिल करून काढावे लागले, रंग गेला, काही भोकं मोठी झाली म्हणून तिथे वरच्या साइजचे रिव्हेट मारावे लागले, तीन वीकेंड गेले, आणि हे सगळं एका दीड फूट वायरपायी.

तेव्हापासून मी एकच नियम धरलाय आणि प्रत्येकाला तोच सांगतो. जी जागा बंद होणार तिथे एकही जॉइंट नको, आणि तिथून जाणारी प्रत्येक वायर एका टोकाने धरून ओढली तर निघाली पाहिजे. जॉइंट फक्त चार ठिकाणी: पंखाचं मूळ, बेलक्रँकचं कव्हर, स्टॉल वॉर्निंगचं (पंखाची उचल सुटत आल्याचा इशारा देणाऱ्या स्विचचं) कव्हर आणि टोक. बाकी सगळं याच्यापुढे दुय्यम. हे पाळलंस तर पॅनेलमध्ये काय घ्यायचं ते आज माहीत नसलं तरी चालतं.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम वायर टाकायचं नाही, पाईप टाकायचं आहे. पाऊण इंच बाहेरच्या व्यासाचा नालीदार प्लॅस्टिकचा कंड्युइट मिळतो, व्हॅन्सकडेही (आरव्हीची किट बनवणारी कंपनी) मिळतो, वजन नगण्य. तो मुळापासून शेवटच्या रिबपर्यंत अखंड टाकायचा. भोकं कुठे पाडायची हे स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही, रिबमध्ये कुठे आणि किती मोठं भोक चालतं ते किट बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये असतं, तिथेच पाडायचं, आणि स्पारच्या (पंखाच्या तुळईच्या) वेबला किंवा रिबच्या फ्लँजला (वळवलेल्या कडेला) तर हातसुद्धा लावायचा नाही. मी एका गॅरेजमध्ये असा पंख पाहिला की वायर सोयीची जावी म्हणून रिअर स्पारमध्ये नवीन भोक पाडलेलं होतं. त्या बांधणाऱ्याला फॅक्टरीला फोटो पाठवून उत्तर येईपर्यंत थांबायला लागलं. विमानाचा पंख ही भिंत नाहीये की इलेक्ट्रिशियनने छिन्नी मारली आणि वरून प्लॅस्टर केलं.

स्टेप ड्रिल वापर, कडा दोन्ही बाजूंनी बोट फिरवून गुळगुळीत लागेपर्यंत साफ कर, आणि भोकाला प्रायमर लाव. कंड्युइट भोकात नुसता ठेवला तर तो इंजिनाच्या थरथरीने वर्षानुवर्षं कडेवर घासत राहतो, म्हणून दर दोन-तीन रिबला सिलिकॉनचा एक थेंब लावून तो पक्का करायचा. इथे सावध राहा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते घेऊ नकोस, ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, ॲल्युमिनियम आणि तांबं दोन्ही खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घे. बाथरूमच्या टाइलसाठी आणलेली ट्यूब गॅरेजमध्ये पडलेली असतेच आणि रात्री तीच हाताला लागते, म्हणून आजच ती घरात नेऊन ठेव.

कंड्युइटमधून नायलॉनची दोरी ओवून ठेव, लेंग्यात नाडी ओवतो तशी, दोन्ही टोकांना गाठ मारून. ओवायला सोपी युक्ती म्हणजे दोरीच्या टोकाला कापसाचा बोळा बांधायचा आणि दुसऱ्या टोकाला शॉप व्हॅक लावायचा, दोन सेकंदात दोरी बाहेर येते. पुढे कधीही नवीन वायर ओढशील तेव्हा तिच्याबरोबर नवीन दोरीही ओढ, नाहीतर पहिल्या वायरबरोबर दोरी निघून येते आणि तू परत होतास तिथे. पाईप अर्ध्यापेक्षा जास्त भरू नकोस. आणि कनेक्टर लावलेली वायर पाईपमधून जात नाही हे लक्षात ठेव, पिन क्रिंप करून वायर ओढायची, पिना कनेक्टरच्या बॉडीत नंतर बसवायच्या.

त्या एका मुख्य पाईपशिवाय मी प्रत्येक पंखात एक दुसरा मार्ग वेगळा ठेवतो, छोट्या स्नॅप बुशमधून (भोकात बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या कडीतून) जाणारा. पाईपमधून पॉवर जाते, बुशमधून नाजूक गोष्टी जातात, म्हणजे मॅग्नेटोमीटरची (दिशा सांगणाऱ्या सेन्सरची) केबल, टोकात व्हीओआर (रेडिओवरून दिशा शोधायची) अँटेना ठेवणार असशील तर तिचा कोॲक्स, म्हणजे शील्डवाली केबल. डाव्या पंखातून पिटोची (हवेतला वेग मोजायची) नळी पण जाते, तिला तिचा स्वतःचा रस्ता दे. पंखाचं टोक फायबरग्लासचं असतं, त्यातून रेडिओ लहरी आरपार जातात, म्हणून १०८ ते ११८ मेगाहर्ट्झची नॅव्ह अँटेना तिथे आत लपवता येते आणि बाहेर काही लटकत नाही. त्यासाठी कोॲक्स आरजी-४०० टाक. आरजी-५८ स्वस्त आहे, पण ४०० ला दोन शील्ड असतात, आतलं इन्सुलेशन टेफ्लॉनचं असतं, ते उष्णतेने मऊ पडत नाही. आज आयएफआर (नुसत्या उपकरणांवर उडणं) करणार नाही म्हणतोयस, तरी कोॲक्स टाकून दोन्ही टोकं झाकून ठेव. बंद पंखात नंतर कोॲक्स ओढणं हे मी माझ्या शत्रूलाही सांगणार नाही.

आता एक गोष्ट जी पहिल्यांदा बांधणाऱ्याला कुणी सांगत नाही. आरव्हीचा पंख टोकाकडे थोडा वर उचललेला असतो, साडेतीन अंश. म्हणजे टोकाच्या फटीतून आत आलेलं किंवा पाईपमध्येच दव धरून झालेलं पाणी कुठे जाणार, तर सरळ मुळाकडे, जिथून तुझ्या वायरी बाहेर पडतात. म्हणून मुळाशी पाईपच्या तोंडातून बाहेर आलेल्या वायरींना खाली एक झोल देऊन मग वर पॅनेलकडे न्यायचं, पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं. आपल्याकडे पावसाळ्यात मीटरच्या पेटीत जाणारी वायर अशीच खालून वळवून घेतात, अगदी तेच.

वायर कुठली, तर टेफझेलच, एम-२२७५९/१६ लिहिलेली, दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारी. पीव्हीसीची वायर पंखात काय, विमानातच नको, जळली की तिचा धूर विषारी असतो आणि केबिन छोटी आहे. टेफझेल सहसा पांढरी मिळते, म्हणून दोन्ही टोकांना आणि मधे कव्हरपाशी पण नाव छापलेली पट्टी लावून वरून पारदर्शक हीट श्रिंक चढव. "लक्षात राहील" असं वाटतं, दोन वर्षांनी पॅनेलपाशी बसल्यावर सोळा पांढऱ्या वायरी समोर आल्या की काही लक्षात राहिलेलं नसतं.

गेजचा (वायरच्या जाडीचा, आकडा जितका लहान तितकी वायर जाड) हिशोब सोपा आहे पण करावा लागतो. पॅनेलपासून पंखाच्या टोकापर्यंत वळणं धरून अठरा फूट धर. १८ गेजच्या वायरचा रोध फुटाला साधारण साडेसहा मिलिओहम. एलईडी लँडिंग लाइट साडेतीन अँपिअर घेतो असं धरलं तर ०.११७ गुणिले साडेतीन, म्हणजे ०.४ व्होल्ट वायरमध्येच गेले. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) एसी ४३.१३ या मार्गदर्शक पुस्तिकेत १४ व्होल्टच्या सिस्टिमला सतत चालणाऱ्या लोडसाठी अर्धा व्होल्ट आणि मधूनमधून चालणाऱ्यासाठी एक व्होल्ट एवढा ड्रॉप चालतो. पण हे ग्राउंड पंखातच दिला तर, ग्राउंडची वायर परत आणलीस की लांबी दुप्पट आणि ड्रॉपही दुप्पट, ०.८. लँडिंग लाइट मधूनमधून चालणारा असल्याने तरी बसतं, पण १६ गेज घेतलास तर निवांत. पिटो हीट (पिटो गोठू नये म्हणून असलेला हीटर) मात्र मोठा गिऱ्हाईक आहे, आठ ते दहा अँपिअर, त्याला १४ गेजच दे. नॅव्ह-स्ट्रोबला (टोकावरच्या रंगीत आणि लुकलुकणाऱ्या लाइटला) २० गेज पुरतं, सिग्नलच्या वायरींना २२.

आणि ब्रेकर किंवा फ्यूज उपकरणाला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. २२ गेजला ५ अँपिअर, २० ला साडेसात, १८ ला १०, १४ ला १५, याच्या वर जायचं नाही. लाइट फक्त दोन अँपिअर घेतो पण फ्यूज दहाचा आणि वायर २२ ची, असं एकदा मी एका पूर्ण झालेल्या विमानात पाहिलं. त्यात अर्धवट शॉर्ट झाला असता तर फ्यूज शांत बसला असता आणि पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर वायर तापत राहिली असती.

ग्राउंडचं काय? लोक यावर तावातावाने भांडतात. तुझं विमान धातूचं आहे, सगळी कातडी ग्राउंडच आहे, त्यामुळे पिटो हीट आणि लँडिंग लाइटचा ग्राउंड जवळच्या रिबवर दिलास तर वजन वाचतं आणि चालतंही. पण दिलास तर नीट दे. प्रायमर खरवडून चकचकीत धातू काढ, नटप्लेट आणि स्क्रू वापर, घट्ट केल्यावर वरून परत प्रायमर लाव म्हणजे गंज चढणार नाही. अल्क्लॅड पत्रा वीज चांगली नेतो, पण अनोडाइज केलेला भाग वीज नेत नाही, सोनेरी दिसणाऱ्या स्पारला ग्राउंड देऊन मग रडत बसलेले लोक मला माहीत आहेत. तुझ्या पुढच्या विमानाचा विचार फायबरग्लासचा असेल, तर तिथे हा सगळा प्रश्नच नाही, तिथे प्रत्येक ग्राउंड वायरनेच परत आणावा लागतो.

पण टोकातल्या नॅव्ह-स्ट्रोबचा ग्राउंड मी कधीच पंखात देत नाही, वायरने परत आणतो, आणि जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ घालून. याचं कारण मॅग्नेटोमीटर, आणि इथे मी जरा थांबतो कारण यातच लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

काचेच्या, म्हणजे स्क्रीनवाल्या, पॅनेलला दिशा सांगणारा मॅग्नेटोमीटर बहुतेक लोक पंखाच्या टोकात ठेवतात, इंजिनापासून दूर म्हणून. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या भागावरून दिशा काढतो, आणि आमच्या इथे तो भाग जेमतेम १९-२० मायक्रोटेस्ला आहे. आता एका सरळ वायरमधून ५ अँपिअर जात असतील आणि सेन्सर तिच्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर त्या वायरचं क्षेत्र होतं ३.३ मायक्रोटेस्ला. ते नेमकं त्या भागाला काटकोनात पडलं तर हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) जवळजवळ दहा अंशांनी सरकतं. दहा अंश! आणि ते पण फक्त लाइट चालू असताना, त्यामुळे कॅलिब्रेशनने जात नाही. जाणारी आणि येणारी वायर एकत्र पिळली की दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि हा प्रश्न संपतो. ग्राउंड पंखाच्या पत्र्यातून परत गेला तर मारायला दुसरी वायरच नसते, मग नुसता पीळ घालून काही उपयोग नाही.

आपल्या मराठी माणसाला हे खरं तर नवीन नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय मोजमाप चालायचं, आणि मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटने सगळी मोजमापं बिघडणार हे ओळखून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. मी लहानपणी अलिबागला गेलो होतो तेव्हा ती वेधशाळा बाहेरून पाहिली होती, का तिथे आहे ते कळलं नव्हतं. पंखाच्या टोकात पितळेचे स्क्रू बसवताना कळलं. तिथे जी काळजी अख्ख्या शहराच्या ट्रामसाठी घेतली तीच तुला एका स्ट्रोबसाठी घ्यायची आहे.

तर मॅग्नेटोमीटरच्या आसपास पितळेचे किंवा चुंबक न चिकटणारे स्टेनलेसचे स्क्रू, स्टीलचे नाहीत. आणि आरव्हीमध्ये एक खास गोष्ट, एलेरॉनच्या पुढच्या कडेत तोल साधायला जो पाईप असतो तो सेव्हनमध्ये गॅल्व्हनाइज्ड स्टीलचा आहे. एलेरॉन हलला की तो पाईप हलतो. माझ्या सेव्हनमध्ये मी मॅग्नेटोमीटर टोकात मागच्या बाजूला बसवला होता, जमिनीवर सगळं छान, हवेत वळण घेतलं की हेडिंग चार-पाच अंश नाचायचं. मी सॉफ्टवेअर बदललं, परत कॅलिब्रेट केलं, केबल तपासली, महिना गेला. मग एका मित्राने हँगरमध्ये उभं राहून नुसता एलेरॉन वर-खाली केला आणि स्क्रीनवर आकडा हलला. सेन्सर पुढे आणि एलेरॉनपासून लांब सरकवला, प्रश्न मिटला. म्हणून तू ब्रॅकेट रिव्हेट करण्याआधी सेन्सर चिकटपट्टीने लावून, एलेरॉन पूर्ण हलवून, लाइट चालू-बंद करून बघ. सेन्सर अजून घेतला नसेल तर साधं होकायंत्र तिथे धरून बघितलास तरी अंदाज येतो. जागा निवडताना पिटो हीटच्या उलट बाजूचा पंख निवड, पिटो डावीकडे आहे म्हणजे हा उजवीकडे.

एलईडी लाइटचा दुसरा त्रास रेडिओचा. एलईडीच्या आत करंट सांभाळणारं जे सर्किट असतं ते फार वेगाने चालू-बंद होतं आणि स्वस्त लाइट असेल तर ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे नेमकं तू टॉवरशी बोलतोस तिथे, घरघर सोडतं. पंखात लावण्याआधी टेबलावर बॅटरी जोडून लाइट लाव, हातातला रेडिओ शेजारी धर, स्क्वेल्च (खरखर गाळणारं बटण) उघड आणि ऐक. आवाज वाढला तर तो लाइट परत कर. फेराइटचे मणी, शील्ड वगैरे उपाय आहेत पण ते नंतरचे, मुळात घाण न करणारा लाइट घेणं हाच खरा उपाय. जुने झेनॉन स्ट्रोब कुणी फुकट देत असेल तर घेऊ नकोस, त्यांच्या वायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि वीजही जास्त खातात.

इंधनाच्या टाकीचं फ्लोट सेंडर (पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता सेन्सर) टाकीच्या मुळाकडच्या बाजूला असतं, तिथे हात पोचतो म्हणून ते आत्ता नाही केलं तरी चालेल. फक्त एक सांगतो, सेंडरला ग्राउंडची वेगळी वायर दे. टाकीला आपण सीलंट फासतो, तो स्क्रूच्या आट्यांमध्ये जातो, आणि ग्राउंड कच्चा राहतो. सेंडर रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३० च्या आसपास दाखवतं, त्यात कच्च्या ग्राउंडचा रोध मिळाला की गेज खरं आहे त्यापेक्षा कमी पेट्रोल दाखवतो. धोका नाही पण विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेल्या गेजकडे माणूस बघणंच सोडतो, तो खरा धोका.

ऑटोपायलट आज घेणार नसलास तरी उजव्या पंखात बेलक्रँकजवळ सर्वोचा (ऑटोपायलटसाठी एलेरॉन हलवणाऱ्या मोटरचा) ब्रॅकेट आताच बसव. डायनॉनचा असो की गार्मिनचा, दोन्हींचे आरव्हीसाठी ब्रॅकेट मिळतात. कव्हरच्या भोकातून नंतर ब्रॅकेट बसवता येतो, लोक बसवतात, पण हाताची कातडी सोलवटून निघते. सर्वोच्या वायरी मुळापासून कव्हरपर्यंत आणून तिथे हातभर जास्त ठेव. एलेरॉनचा पुशरॉड मात्र कुठल्याही वायरीला कधीच लागता कामा नये. एलेरॉन दोन्ही बाजूंना पूर्ण टोकापर्यंत हलवून, आत टॉर्च धरून बघ, आणि कुणीतरी दुसऱ्याने हलवायचं, तू फक्त बघायचं. वायरीच्या झिप टायची कापलेली टोकं पण बघ, ती अणकुचीदार राहिली तर शेजारची वायर कापतात, आणि नंतर तुझा हात. मी आता कव्हरपाशीही झिप टाय वापरतच नाही, लेसिंग कॉर्डने (वायरी बांधायच्या खास दोऱ्याने) बांधतो, शिकायला अर्धा तास लागतो. बांधल्यावर दोन आधारांच्या मधे वायर बोटाने दाबून बघ, अर्ध्या इंचापेक्षा जास्त खाली जायला नको.

स्टॉल वॉर्निंगचा मायक्रोस्विच डाव्या पंखाच्या पुढच्या कडेत. त्याचा पत्रा बोटाने वर उचलून मल्टीमीटरवर बीप ऐकू येतो का ते बघ, झालं.

क्रिंपसाठी रॅचेटवाला चांगला क्रिंपर विकत घे, उसना घे, काहीही कर पण तोच वापर. प्रत्येक नवीन गेजचे दोन-तीन नमुने आधी टेबलावर करून, टर्मिनल व्हाइसमध्ये धरून स्प्रिंग काट्याने ओढ. १८ गेजचा क्रिंप ३८ पौंडांपर्यंत टिकला पाहिजे. माझा तो बट स्प्लाइस पाच पौंडात सुटला असता. सोल्डर वाईट नाही, पण सोल्डर वायरच्या तारांमध्ये वर चढतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर कडक-मऊची सीमा होते, थरथरीने तिथेच तुटते, म्हणून सोल्डर केलंस तर पुढचा एक इंच आधार देऊन बांध.

मुळाशी कनेक्टर का नाही? आरव्ही-ट्वेल्व्हसारखा पंख काढता घालता येणारा असेल तर कनेक्टर हवाच. सेव्हनचा पंख बोल्टने एकदा लागला की बहुधा आयुष्यभर तिथेच असतो. मग जॉइंट वाढवायचाच कशाला? पॉवरच्या वायरी मी मुळाशी न तोडता पॅनेलपर्यंत एकसंध नेतो, म्हणून तुला आता मुळाबाहेर दहा-बारा फूट वायर गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंखाला चिकटवून ठेवावी लागेल. टोकाकडे मात्र कनेक्टर पाहिजेच, कारण टोक स्क्रूने निघतं, आणि तिथे वायर एवढी लांब ठेव की टोक काढून हातात उलटं धरता येईल. कनेक्टर लावताना सॉकेटवाली बाजू पॉवरच्या वायरीला आणि पिनवाली बाजू लाइटला. उलटं केलंस तर टोक काढल्यावर उघड्या पिना पत्र्याला टेकतात आणि ठिणगी पडते.

शेवटी बंद करायच्या दिवशीचा क्रम सांगतो. सगळं ड्रिलिंग आणि डीबरिंग (भोकांच्या कडा साफ करणं) वायर ओढण्याआधी संपलं पाहिजे, कारण ॲल्युमिनियमचा कीस वायरच्या इन्सुलेशनमध्ये रुततो आणि दिसत नाही. व्हॅक्यूमने प्रत्येक खण साफ कर, पंख स्टँडवर उभा आहे तोवर थोपटून खालचा कीस पण पाड. मग प्रत्येक वायर टोक ते टोक बीप, आणि प्रत्येक वायर ते पत्रा मात्र बीप नाही, हे वहीत लिहून काढ. पिटोची नळी फुंकून नाही, सिरिंजने दाब देऊन गळते का बघ. आणि प्रत्येक खणाचा फोटो काढ, फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे आणि रिबचा नंबर मार्करने लिहिलेला पाहिजे. हे फोटो दोनदा कामाला येतात, एकदा दहा वर्षांनी काहीतरी शोधताना, आणि त्याआधी इन्स्पेक्टर येईल तेव्हा, कारण ५१ टक्के काम तूच केलंयस हे दाखवायला बिल्डर लॉगपेक्षा मोठा पुरावा नाही. रिव्हेट मारून झाल्यावर ती बीपची सगळी यादी परत एकदा कर, बकिंग बारखाली वायर चेपलेली मी दोनदा पाहिलीय आणि दोन्ही वेळा ती त्याच दिवशी सापडली म्हणून ओढून बदलता आली.

रात्री उडणार नसशील तर यातलं बरंचसं कायद्याने लागत नाही, लँडिंग लाइट तर रात्रीसुद्धा भाड्याने उडवणाऱ्यालाच सक्तीचा आहे, तरी पाईप आणि दोरी टाकच. कंड्युइटची भोकं पाडायच्या आधी ड्रॉइंगवर खुणा करून तो फोटो मला पाठव, मी त्याच दिवशी बघून सांगतो.